मळ सोडवावा, सोने घासू नये
वाचकांचे प्रश्न : दागिन्यांची निगा

श्रावण सरत आला की गौरी-गणपतीसाठी कपाटातले आणि बँकेच्या लॉकरमधले दागिने बाहेर निघतात आणि त्याच सुमारास या सदराकडे येणाऱ्या पत्रांची संख्याही वाढते. या वेळच्या बहुतेक पत्रांमध्ये, शब्द वेगवेगळे असले तरी, एकच गोष्ट विचारली आहे : सोनाराकडे न जाता घरच्या घरी दागिने स्वच्छ करता येतील का? करता येतील आणि करावेतही. माझे सारे आयुष्य गिरगावात सोनारकाम करण्यात गेले. माझ्या अनुभवानुसार घरी होणारे बहुतेक नुकसान मळामुळे होत नाही, तर तो काढण्याच्या घाईमुळे होते. दागिना कशाचा आहे हे आपण पाहतो, परंतु त्याच्या आत काय भरले आहे आणि तो कशात ओवला आहे हे पाहत नाही.

प्रश्न : साखरपुड्याची हिऱ्याची अंगठी मी गेली तीन वर्षे रोज वापरते. हिरा आता अगदी निस्तेज, काचेसारखा दिसतो. टूथपेस्ट लावून घासले की दोन दिवस चमकतो आणि पुन्हा तसाच होतो. हिरा अस्सल नसेल का? (एक वाचक, दादर)

उत्तर : केवळ निस्तेज दिसतो म्हणून हिऱ्यावर शंका घेऊ नका. हिऱ्याच्या पृष्ठभागाला पाण्यापेक्षा तेलाची ओढ अधिक असते. दक्षिण आफ्रिकेतल्या किंबर्लीच्या खाणींमध्ये याच गुणाचा उपयोग करून घेत असत : भरडलेला खडक पाण्याबरोबर ग्रीस फासलेल्या फळ्यांवरून वाहू देत, तेव्हा बाकीचे खडे वाहून जात आणि हिरे ग्रीसला चिकटून राहत. तुमच्या बोटावरही नेमके हेच घडते. केसांना लावलेले खोबरेल, हाताचे क्रीम, पोळ्यांची तेल लावलेली कणीक आणि आंघोळीच्या साबणाचा थर हे सारे हिऱ्याला धरून बसते, आणि तेही वरच्या बाजूपेक्षा खालच्या निमुळत्या बाजूला अधिक. हिऱ्यात शिरलेला प्रकाश त्या खालच्या पैलूंवरून उलटून डोळ्यांकडे येतो, म्हणून तेथे तेलकट थर बसला की वरून कितीही पुसले तरी हिरा मेलेलाच दिसतो.

टूथपेस्ट मात्र आजपासून बंद करा. तिच्यात खडूची किंवा सिलिकाची बारीक पूड असते. हिऱ्याला तिने काही होत नाही, परंतु सोने हा फार मऊ धातू आहे आणि खड्याला धरून ठेवणाऱ्या सोन्याच्या नख्या तर आणखी बारीक असतात. घासल्याने सोने झिजते की नाही अशी शंका असेल, तर झवेरी बाजाराच्या गल्ल्यांमध्ये पाहावे. तेथल्या कारखान्यांमधली केरधूळ फेकून देत नाहीत, ती विकली जाते, आणि ती धुऊन-गाळून त्यातले सोने काढणारे झारेकरी पिढ्यान्‌पिढ्या त्यावर पोट भरत आले आहेत. कानशीने आणि पॉलिशच्या चाकाने उडालेल्या कणांवर जर कोणाचा संसार चालत असेल, तर तुमच्या न्हाणीघरातही तसेच कण मोरीतून वाहून जात असणार.

अंगठी धुण्याची रीत अशी आहे. बेसिनवर हे काम करू नये, टेबलावर ताटात वाटी ठेवून करावे. हाताला सोसेल इतक्या कोमट पाण्यात भांडी घासण्याच्या पातळ साबणाचे दोन-तीन थेंब टाकावेत आणि अंगठी वीस मिनिटे बुडवून ठेवावी, कारण मळ सुटायला घासण्यापेक्षा वेळ अधिक लागतो. मग लहान मुलांचा मऊ ब्रश घेऊन अंगठी उलटी धरावी आणि खड्याच्या पाठीमागून, जेथे बोट लागते त्या बाजूने, ब्रशची टोके आत नुसती टेकवत फिरवावी. पांढुरका, चिकट मळ निघतो तो येथूनच. चहाच्या गाळणीत अंगठी ठेवून स्वच्छ पाण्याने धुवावी, म्हणजे एखादा बारीक खडा सुटलाच तर हाती लागेल. शेवटी जुन्या मलमलीच्या किंवा धुऊन मऊ झालेल्या धोतराच्या तुकड्याने टिपावी. हे टिपताना कापडाचा धागा एखाद्या नखीत अडकला तर नखी उचलली गेली आहे असे समजावे. त्याचप्रमाणे अंगठी कानाशी धरून बोटाने हलकेच टिचकी मारली असता बारीक खुळखुळ ऐकू आली तर खडा सैल झाला आहे. या दोन्हींपैकी काही आढळल्यास अंगठी बोटात न घालता आधी सोनाराकडे न्यावी. एवढे महिन्यातून एकदा केले तर पुरते.

प्रश्न : सासूबाईंनी दिलेली बोरमाळ आणि ठुशी यांच्या फटींमध्ये काळा मळ बसला आहे. सोडा आणि कपड्यांची पावडर घालून पाण्यात उकळल्यास सोने नव्यासारखे निघते असे एका व्हिडिओत दाखवले आहे. तसे करावे का? (एक वाचक, मुलुंड)

उत्तर : कृपा करून करू नका. तुमचे पत्र वाचताना मला माझ्या उमेदवारीतला एक दिवस आठवला. तेव्हा मी सोळा वर्षांचा होतो आणि पेढीवर दुरुस्तीला आलेली एक जुनी बोरमाळ, कोणी सांगितलेले नसताना, मी सोड्याच्या उकळत्या पाण्यात टाकली. थोड्याच वेळात मण्यांच्या भोकांतून तपकिरी तार बाहेर येऊ लागली आणि पाण्यावर गुळाच्या पाकासारखा तवंग आला. घाबरून मी माळ बाहेर काढली आणि ब्रश लावला, तर बोटाच्या दाबाने मणी चेपत गेले. ती तार म्हणजे मण्यांच्या आत भरलेली लाख होती. बोरमाळेचा मणी म्हणजे सोन्याच्या पातळ पत्र्याची पोकळ गोळी, आणि तिला आकार टिकवण्याचे बळ आतली लाख देते. लाख ८० अंशांच्या आसपासच, म्हणजे पाणी उकळण्याच्या पुष्कळ आधी, मऊ पडून वाहू लागते. वडिलांनी ती माळ मणी-मणी सोडवून, पुन्हा लाख भरून दिली, पण ज्या घरची ती माळ होती त्या आजींनी ती हातात घेऊन ज्या रीतीने चाचपली ते मी विसरलेलो नाही.

लाख केवळ बोरमाळेत असते असे नाही. मंगळसूत्राच्या जुन्या वाट्या, मोहनमाळेचे काही मणी, जुने पोकळ तोडे आणि कोल्हापुरी साजातली पाने यांच्यातही ती असू शकते. आकाराच्या मानाने दागिना हलका असेल, नखाने टिचकी मारल्यावर धातूचा खणखणीत आवाज न येता बसका आवाज येत असेल किंवा भोकाच्या कडेला तांबूस-तपकिरी काही दिसत असेल, तर आत लाख आहे असे धरून चालावे. अशा दागिन्याला उकळते किंवा गरम पाणी, गरम हवेचे यंत्र आणि दुपारचे ऊन ही तिन्ही वर्ज्य आहेत.

तुमच्या दोन्ही दागिन्यांसाठी चार-पाच रिठे रात्री कपभर पाण्यात भिजत घालावेत आणि सकाळी चोळून ते पाणी दुहेरी कापडातून गाळून घ्यावे, म्हणजे टरफलाचा कण राहणार नाही. कान साफ करण्याची कापसाची काडी या पाण्यात बुडवून पिळून घ्यावी आणि तिने एकेक मणी पुसत जावे. त्यानंतर साध्या पाण्याची ओली काडी आणि मग कोरडे कापड फिरवावे. ठुशी पाण्यात बुडवायची नाहीच, कारण तिचे मणी दोऱ्यावर घट्ट गुंफलेले असतात. दोरा भिजला की आतून लवकर वाळत नाही आणि मुंबईच्या पावसाळी हवेत तर तो कुजतोच. काळा मळ म्हणून जो दिसतो तो पुष्कळदा मण्यांवरचा नसून दोऱ्याने शोषलेला घाम असतो, आणि त्याला धुण्याचा उपाय नाही, पटवेकऱ्याकडून दागिना नव्या दोऱ्यात गाठवून घेणे हाच आहे. नेहमीच्या वापरातला दागिना दोन-तीन वर्षांनी गाठवून घ्यावा. मंगळसूत्राच्या बाबतीतही हेच लागू आहे. ते आपोआप वाढण्याची वाट पाहू नये, कारण लोकलच्या गर्दीत ते वाढले तर मणी वेचायलाही जागा नसते.

प्रश्न : घरी वापरण्याचे, कंपनांनी दागिने धुणारे यंत्र घ्यावे का? माझ्याकडे पाचूची अंगठी आणि सोन्याच्या साध्या बांगड्या आहेत. (एक वाचक, बोरिवली)

उत्तर : भरीव बांगड्यांसाठी चालेल, पाचूसाठी कदापि नाही. बहुतेक पाचूंमध्ये जन्मतःच बारीक भेगा असतात आणि त्या दिसू नयेत म्हणून त्यांमध्ये तेल किंवा राळ मुरवलेली असते. यंत्राच्या कंपनांनी आणि गरम पाण्याने हे तेल निघून जाते, भेगा उघड्या पडतात आणि खडा दुभंगूही शकतो. पोवळे, मोती आणि ओपल यांनाही यंत्रात टाकू नये. पाचूची अंगठी ओल्या मऊ कापडाने पुसावी, आणि राशीचा खडा म्हणून ती बोटाला टेकेल अशी खालून उघडी घडवलेली असेल तर आतल्या बाजूचा साबण कापसाच्या ओल्या काडीने काढावा.

प्रश्न : आम्ही माहीमच्या खाडीजवळ राहतो. देवाची चांदीची भांडी, मुलीचे पैंजण आणि जोडवी कितीही घासली तरी महिन्याभरात काळी पडतात. गावी असे होत नसे. चांदीत भेसळ आहे का? (एक वाचक, माहीम)

उत्तर : दोष चांदीपेक्षा हवेचा अधिक आहे. चांदीचे आणि गंधकाचे फार जमते. ओहोटीला उघड्या पडणाऱ्या खाडीच्या चिखलातून आणि तुंबलेल्या गटारांतून कुजक्या अंड्यासारखा जो वास येतो तो गंधकयुक्त वायूचा असतो. तो हवेत अगदी थोडा असला तरी चांदीवर प्रथम पिवळसर, मग तपकिरी आणि शेवटी काळा थर धरतो, आणि दमट हवेत हे काम अधिक वेगाने होते. हा थर बाहेरून येऊन बसलेली धूळ नसते. तुमच्याच चांदीचा वरचा पापुद्रा गंधकाशी मिळून काळा झालेला असतो, म्हणून राख, रांगोळी किंवा भांड्यांची पावडर लावून तो घासला की चांदीच घासून जाते. जुन्या निरांजनांवरची नक्षी पुसट झालेली दिसते त्याचे कारण हेच आहे.

घासण्याऐवजी काळ्या थराची पुन्हा चांदी करता येते, आणि ते घरातल्याच वस्तूंनी साधते. काचेच्या किंवा चिनी मातीच्या खोलगट भांड्याच्या तळाशी पोळ्या गुंडाळण्याची अॅल्युमिनियमची फॉईल, चकचकीत बाजू वर करून, पसरावी. तिच्यावर चांदीची वस्तू अशी ठेवावी की दोन्ही धातू एकमेकांना टेकतील, कारण ते टेकले नाहीत तर काही घडत नाही. लिटरभर गरम पाण्यात मोठा चमचाभर खाण्याचा सोडा विरघळवून ते वरून ओतावे. लगेच बारीक बुडबुडे येतात आणि किंचित कुजका वास सुटतो. गंधक चांदीला सोडून अॅल्युमिनियमकडे जात असल्याची ती खूण आहे, आणि चांदी जागच्या जागी राहते. पाच ते दहा मिनिटांत वस्तू उजळते. मग साध्या पाण्याने धुऊन पुसावी आणि पंख्याखाली पूर्ण वाळवावी. पैंजणांच्या घुंगरांमध्ये पाणी राहते, म्हणून ते एक रात्र मोकळे पसरून ठेवावेत.

हा उपाय खडे बसवलेल्या, लाख भरलेल्या किंवा सोन्याचा मुलामा दिलेल्या चांदीला करू नये. नक्षी उठून दिसावी म्हणून मुद्दाम काळपट केलेले ऑक्सिडाइज्ड दागिनेही यात टाकू नयेत, कारण त्यांचा काळेपणा हेच त्यांचे सौंदर्य असते आणि ते पाच मिनिटांत नाहीसे होईल.

ठेवण्याच्या बाबतीत एक सांगतो. पुष्कळ घरांमध्ये चांदीचे पेले कागदात गुंडाळून त्याला रबरबँड लावतात. रबरात गंधक असतो, आणि वर्षभराने पेल्यावर त्या रबरबँडचाच काळा कडा उमटलेला मी अनेकदा पाहिला आहे. भांडी कोरडी करून हवाबंद पिशवीत ठेवावीत आणि ओल शोषण्यासाठी सोबत पाटीवरच्या खडूचे दोन तुकडे टाकावेत. रोज अंगावर असलेली चांदी मात्र वापरानेच उजळ राहते, म्हणून जोडवी-पैंजण काढून ठेवण्यापेक्षा वापरात असू द्यावेत.

प्रश्न : आईची मोत्यांची नथ आणि तन्मणी आहे. मोती पिवळसर झाले आहेत. लिंबाच्या पाण्याने उजळतील का? (एक वाचक, विलेपार्ले)

उत्तर : लिंबाच्या पाण्याने मोती उजळणार नाहीत, विरघळू लागतील. मोती हा मुख्यतः खडूच्याच जातीच्या द्रव्याच्या पातळ थरांचा बनलेला असतो, आणि लिंबू, चिंच, व्हिनेगर असे कोणतेही आंबट द्रव्य ते थर खात जाते. एकदा गेलेले पाणी मोत्याला पुन्हा चढवता येत नाही. घाम आणि अत्तर यांनीही तेच होते, फक्त सावकाश. म्हणून आपल्याकडच्या जुन्या बायका साडी, वेणी, अत्तर सारे आटोपल्यावर अगदी शेवटी नथ घालत आणि घरी आल्यावर सर्वांत आधी काढत, ती रीत शास्त्राला धरूनच होती.

मोती केवळ ओलसर मऊ कापडाने पुसावेत आणि काढून ठेवण्यापूर्वी प्रत्येक वेळी पुसावेत. तन्मणीच्या खोडाला, म्हणजे मधल्या पदकाला, पाण्याचा थेंबही लागू देऊ नये. कुंदणाच्या कामात खड्याखाली चकाकणारा वर्ख असतो आणि कडेने पाणी आत शिरले की तो काळा पडतो. मग खडा कितीही स्वच्छ असला तरी आंधळा दिसतो आणि कारागिराला सारे कोंदण उघडावे लागते. नथीतल्या लाल-हिरव्या खड्यांच्या मागेही असाच वर्ख असण्याचा संभव असतो. वयाने आलेला पिवळेपणा घरच्या कोणत्याही उपायाने जात नाही, आणि मला विचाराल तर तो घालवण्याची गरजही नाही. जुन्या बसरा मोत्यांची ती सायीसारखी छटा नव्या मोत्यांना येत नाही. हे दागिने प्लॅस्टिकच्या पिशवीत वर्षानुवर्षे कोंडू नयेत, कारण मोत्यात थोडा ओलावा असतो आणि तो पार सुकला की मोत्याला चिरा पडतात. सुती किंवा रेशमी कापडात गुंडाळून ठेवावेत आणि लॉकरमधून वर्षातून एकदा तरी बाहेर काढावेत.

प्रश्न : माझ्या सोन्याच्या अंगठीवर अचानक पांढरे डाग पडले आहेत. ते पुसून जात नाहीत. (एक वाचक, परळ)

उत्तर : घरात ज्वर मोजण्याची पाऱ्याची नळी फुटली होती का, किंवा चेहरा उजळण्याचे एखादे क्रीम नव्याने वापरात आले आहे का, हे आठवून पाहा. अशा काही क्रीममध्ये पारा आढळलेला आहे, आणि पारा सोन्याला लागला की त्यात शिरून पांढरा डाग धरतो. तो घासून निघत नाही. घरी अंगठी तापवण्याचा प्रयत्न मुळीच करू नका, कारण पाऱ्याची वाफ विषारी असते. अंगठी बाटलीत बंद करून सोनाराकडे न्या आणि पाऱ्याचा संशय त्याला आधी सांगा. क्रीम मात्र आजच टाकून द्या, ते अंगठीपेक्षा तुम्हाला अधिक अपायकारक आहे.

प्रश्न : आमच्या चाळीत दुपारच्या वेळी दोन माणसे दागिने चमकवून देतो म्हणून आली. त्यांनी पितळेचा दिवा फुकट उजळून दाखवला, तेव्हा शेजारच्या आजींनी चार बांगड्या दिल्या. बांगड्या चमकल्या, पण आता त्या हलक्या वाटतात. असे होऊ शकते का? (एक वाचक, लालबाग)

उत्तर : होऊ शकते, आणि तसेच झाले असावे अशी मला भीती वाटते. नत्राम्ल आणि मिठाचे आम्ल यांपैकी कोणतेही एकटे सोन्याला विरघळवू शकत नाही, परंतु दोन्ही एकत्र केले की अम्लराज नावाचा द्रव तयार होतो आणि त्यात सोने विरघळते. बांगड्या त्यात काही मिनिटे बुडवल्या की वरचा थर द्रवात उतरतो, बांगडी चकचकीत दिसते, आणि ते लोक आपले भांडे उचलून निघून जातात. द्रवातले सोने पुढे सावकाश परत मिळवता येते. दागिने हळदीच्या पाण्यात किंवा कुकरमध्ये ठेवून तासाभराने उघडा असे सांगणे, हाही त्यांचा नेहमीचा डाव आहे, म्हणजे कोणाला काही कळेपर्यंत ते दूर गेलेले असतात.

आजींच्या बांगड्या खरेदीची पावती घेऊन सोनाराकडे न्याव्यात आणि वजन ताडून पाहावे. बरीच वर्षे वापरलेली बांगडी थोडी झिजलेली असतेच, परंतु अम्लराजाने खाल्लेल्या बांगडीची नक्षी सर्वत्र सारखीच बोथट झालेली असते आणि भिंगाखाली तिचा पृष्ठभाग खरखरीत दिसतो, त्यावरून जाणत्या माणसाला फरक सांगता येतो. वजन घटल्याचे आढळले तर ते कागदावर लिहून घेऊन पोलिसांत तक्रार करावी. फसलो याची लाज वाटून पुष्कळ वृद्ध माणसे गप्प राहतात, आणि तीच टोळी पुढच्या चाळीत जाते.

ओळखीच्या पेढीवर पॉलिशला देतानाही दागिन्याचे वजन पावतीवर लिहून घ्यावे आणि पॉलिशनंतर पुन्हा समोर करून घ्यावे. प्रामाणिक सोनाराला याचा राग येत नाही. नव्या दागिन्यावर सहा अक्षर-अंकांचा हॉलमार्कचा क्रमांक असतो (१ एप्रिल २०२३पासून तो नसलेला सोन्याचा दागिना दुकानदाराला विकता येत नाही), तो भिंगाने वाचून वहीत टिपून ठेवावा, म्हणजे दिलेलाच दागिना परत आला याची खात्री पटते.

आणि असा माणूस दारात असताना तुम्हाला संशय आला, भांड्यातून तपकिरी धूर आणि घसा धरणारा वास येऊ लागला, तर दागिना चिमट्याने बाहेर काढून भरपूर पाण्यात टाका, आरडाओरडा करून शेजाऱ्यांना बोलवा आणि ११२ या क्रमांकावर फोन करा. तो भांडे टाकून पळाला तर आतला द्रव मोरीत ओतू नका. आतल्या द्रवाला हात लागू न देता भांडे तसेच गॅलरीत उघड्या हवेत, मुलांपासून दूर ठेवा, कारण आजींचे सोने त्यातच आहे आणि पोलिसांना पुरावा म्हणून तेच लागणार आहे.